कंबरेत सैल

तिचं नाव टाचणी पडलं तेव्हा ते तिला अगदी शोभायचं. काडीसारखे हातपाय, आणि जीभ अशी टोकदार की घरी आलेला पाहुणा चहा अर्धा ठेवून उठायचा. नाव ठेवलं ते बापाने. पुढे ती शिवणकाम शिकली तेव्हा त्या नावाला आणखी जोर आला. मग वर्षं गेली, मशीनवर बसून बसून टाचणीची टाचण्या खोचायची उशी झाली, पण नाव होतं तेच राहिलं. गिऱ्हाइकं ताई म्हणायची. बाप आणि शेजारची इस्त्रीवाली तेवढी टाचणी म्हणायची, आणि पन्नाशीच्या त्या जाडजूड बाईला या नावाने हाक मारलेली ऐकली की रस्त्यावरून जाणारी माणसं वळून बघायची. ती हसण्यावारी न्यायची, पण ते नाव तिला आतून बोचत होतं.

हल्ली बायका तिला विचारतात, "ताई, तो मोजून खायचा प्लॅन तुम्ही घेतला होता ना? पैसे वसूल होतात का हो?" त्यावर ती म्हणते, "वजन उतरतं." पुढे बोलत नाही. बायकांना वाटतं, हिला हातचं राखून बोलायची सवय आहे. तसं नाही. त्या एका प्रश्नाला तिच्याकडे एवढं मोठं उत्तर आहे की ते सांगायला बसली तर दिवसभर मशीन बंद ठेवावं लागेल.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली पुढची खोली. एक पायमशीन, एक उभा आरसा, पडदा लावून केलेला आडोसा आणि दोरीवर टांगलेले कपडे. मागच्या खोलीत स्वयंपाक, दोन खाटा आणि एक खिडकी. नवीन कपडे शिवून घ्यायला आता येतं कोण? लोक तयार कपडे घेतात, आणि ते अंगाला बसले नाहीत की टाचणीकडे येतात. लांबी कमी करा, कंबरेत आत घ्या, खांद्यात सोडा. दुसऱ्याच्या शिवणीत हात घालायचं काम तिने आयुष्यभर केलं आणि चोख केलं. त्यात तिचे दोन हट्ट होते. आत घेतलेलं कापड ती कधी कापायची नाही, दुमडून आतच ठेवायची. माणूस आज उतरला तर उद्या भरेल, तेव्हा कापड कुठून आणणार, हा तिचा हिशोब. दुसरा हट्ट असा, की मापाला म्हणून कुणी जुना कपडा आणला तर ती तो तसाच पिशवीत परत घालायला लावायची. "कपड्याचं काय माप घ्यायचं? माणूस आणा," म्हणायची. नवऱ्याची पँट घेऊन आलेल्या कितीतरी बायका तिने अशा माघारी धाडल्या होत्या.

तिच्या जोडीला दुकानात बाबा होते. उभं आयुष्य त्यांनी बस चालवली. निवृत्त झाल्यावर आठ दिवस घरात येरझाऱ्या घातल्या, आणि नवव्या दिवशी दुकानाच्या दाराशी स्टूल टाकून उसवायची कामं स्वतःकडे घेतली. टाचणीला उसवायचा भारी कंटाळा. बाबांना मात्र ते फार आवडायचं. चष्मा नाकावर ओढून, छोट्या कात्रीच्या टोकाने एकेक टाका असा उचलायचे की कापडाला कळूसुद्धा नये. त्यांनी उसवायचं, तिने शिवायचं. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं खातंही त्यांच्याचकडे होतं. स्वतःबद्दल मात्र ते कधी काही बोलायचे नाहीत. पाय दुखतो, डोळ्याला कमी दिसतं, चहा हवा, यातलं काही तोंडातून निघायचं नाही. आणि खाण तशी माती, टाचणीही तशीच. बोलायला फटकळ, पण मनातलं सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

आई गेली त्या दिवसापासून त्या घरात एक रीत पडली होती. संध्याकाळी टाचणीने दोन ताटं वाढली, तर बाबा ताटापुढे नुसते बसून राहिले. हात लावेनात. समजावून झालं, रागावून झालं. शेवटी ती त्यांच्याशेजारी सरकली आणि त्यांच्याच ताटातला एक घास तिने खाल्ला. तेव्हा त्यांनी एक खाल्ला. तिने दुसरा घेतला, त्यांनी दुसरा घेतला. त्या दिवसापासून दोघं एकाच ताटात जेवू लागली. एक मोठं ताट, मध्ये भात, कडेला भाजी, वर एखादं अंडं अर्धं अर्धं केलेलं. बाबा म्हणायचे, "तू घे." तिने घेतल्याशिवाय त्यांचा हात ताटात जायचा नाही. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. यांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं, आणि घासायलाही एकच ताट पडायचं.

मग गुडघे दुखायला लागले. पायमशीनचं पॅडल दिवसभर मारायचं, वरून अंगाचा भार. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर हे गुडघे उतरतील." मशीनला मोटार बसवावी असं तिच्या मनात बरेच दिवस होतं. त्यासाठी पैसेही बाजूला काढून झाले होते. बाबा तर मोटारीचं दुकान पाहूनसुद्धा आले होते. दर दोन-चार दिवसांनी विचारायचे, "कधी आणायची?"

तेवढ्यात एक नेहमीची बाई आली. हिच्या पँटी टाचणीने लागोपाठ आत घेतल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी ती आणखी खुशीत आलेली दिसायची. टाचणीने न राहवून विचारलं. बाईने फोन काढून दाखवला. एक ॲप होतं. काय खाल्लं ते वजन करून त्यात लिहायचं, मग प्रोटीन किती, कार्ब किती, फॅट किती ते तिथे तीन रंगांच्या पट्ट्यांत भरत जातं. पट्टी भरली की जेवण संपलं. सोबत एक कोच मिळते, ती रोज फोनवर निरोप पाठवून चुका काढते. "फुकटातली ॲप पण आहेत," बाई म्हणाली, "पण पैसे भरले की माणूस शिस्तीत राहतो."

हे वाक्य टाचणीला पटलं. बाई गेल्यावर ती आरशासमोर उभी राहिली. गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहून त्या आरशात तिने हजारो लोक पाहिले होते, स्वतःला नीट कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मोटारीचे पैसे प्लॅनला भरले, सहा महिन्यांचे एकदम.

आता हे बाबांना सांगायचं कसं? कमी खा, एवढं सांगायला कुणाला पैसे दिले म्हटलं तर ते पोट धरून हसले असते. हसले असते आणि विसरलेही असते, हे तिला आज कळतं. तेव्हा मात्र तिला त्या हसण्याची लाज वाटली. मोटारीचं दुकान पाहून आलेल्या म्हाताऱ्याला तिने सांगितलं, "मोटार पुढच्या वर्षी बघू, बाबा. यंदा जरा ओढाताण आहे."

बाबांनी कात्री थांबवली. तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि पुन्हा उसवायला लागले.

एवढंच खोटं ती तेव्हा बोलली. माणसं यापेक्षा कितीतरी मोठी खोटी बोलतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

चार दिवसांनी घरात वजनकाटा आला. पांढरा, चपटा, पुस्तकाएवढा. टाचणी भात शिजायच्या आधी तांदूळ मोजायला लागली, भाजी मोजायला लागली, तेल चमच्याने घालायचं सोडून काट्यावर वाटी ठेवून थेंब थेंब घालायला लागली. पाव कापून अर्धा परत ठेवायला लागली. बाबा दारातून बघायचे.

एका ताटाचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. कोच गोड आवाजाची तरुण मुलगी होती, प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला 'मॅम' म्हणायची. तिने सरळ विचारलं, "मॅम, एका ताटात दोघं जेवलात तर कोणी किती खाल्लं हे ॲपला कसं कळणार?" प्रश्न बिनतोड होता. टाचणीने दोन ताटं काढली. स्वतःचं जेवण मोजून, दुकान उघडायच्या आत आणि संध्याकाळी लवकर, ओट्याशी उभ्याउभ्या उरकायला लागली, कारण कोचने वेळाही ठरवून दिल्या होत्या. बाबांचं ताट वाढून झाकून ठेवायची. त्यांना म्हणाली, "आता जरा मोजूनमापून चालायचं ठरवलंय. माझं मी वेगळं घेते. तुम्ही तुमचं सावकाश जेवा."

"तू जेवलीस?" बाबांनी विचारलं.

"जेवले."

"एवढ्यात?"

"मला पुरतं तेवढं," ती म्हणाली.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. इस्त्रीवालीला तेवढं तिने सगळं सांगितलं, कारण तिच्यापासून त्या रस्त्यावरचं काहीच लपत नसे. वर शपथ घातली, बाबांना कळता कामा नये. इस्त्रीवाली म्हणाली, "अगं, लोक चोरून खातात. तू पहिलीच, चोरून उपाशी राहणारी."

आता खरं ते सांगायला हवं. प्लॅनने काम केलं. त्यात लबाडी काही नव्हती. पहिले काही दिवस पोटात कावळे ओरडायचे, मग ते गप्प झाले. वजन उतरायला लागलं. पॅडल मारताना गुडघा कुरकुरायचा थांबला. तिने स्वतःचे कपडे आत घ्यायला घेतले, आणि स्वतःच्याच कंबरेची शिवण आत घेताना तिला जो आनंद व्हायचा तो तिने कुणापुढे बोलून दाखवला नाही. कपाटाच्या तळाशी तरुणपणी शिवलेला एक निळा ड्रेस होता. तो तिने धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला, आणि रोज येताजाता त्याला बघायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "किती बारीक झालात ताई!" ती हसायची. दाराशी स्टुलावर बसलेले बाबा मान खाली घालून उसवत राहायचे.

त्याच दिवसांत पातेल्यात भात उरायला लागला. टाचणीने झाकण काढून पाहिलं आणि मनाशी म्हणाली, माझं खाणं कमी झालं ना, आता पूर्वीच्या मापाने घातलेलं जास्त होतं. तिने तांदूळ कमी केले. तरी उरायचं. तिने आणखी कमी केले. बाबांचं ताट रोज घासून पालथं घातलेलं असायचं. "जेवलात?" ती विचारायची. "जेवलो की," ते म्हणायचे.

बाबांनी पहिल्यांदा पँट आणली ती या सुमाराला. कंबरपट्टी स्वतःच उसवून, जिथे आत घ्यायचं तिथे टाचण्या लावून, घडी घालून तिच्या मशीनवर ठेवली. "कंबरेत सैल झालीय. एक टीप मार."

"जुनं कापड ढिलं पडतं, बाबा," ती म्हणाली.

"हो ना," ते म्हणाले.

तिने टीप मारली. दुसऱ्यांदा आणली, तेव्हा गिऱ्हाइकांची रांग होती. तिने टाचण्यांवरून मशीन चालवलं आणि पँट परत दिली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "डाएट माझं चाललंय आणि पँटी तुमच्या सैल व्हायला लागल्या." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसली. बाबाही हसले. डाएट हा शब्द त्यांनी ऐकला होता. पण तो टीव्हीवरच्या लोकांचा शब्द होता, त्यांच्या घरातला नव्हता. त्यांना ती थट्टा वाटली. जिने रस्त्यावरच्या यच्चयावत बायकांना 'माणूस आणा' म्हणून परत पाठवलं, तिने घरच्या माणसाची पँट तीनदा आत घेतली आणि एकदाही टेप गळ्यातून काढली नाही.

इस्त्रीवालीने एकदा सांगितलंही. कपडे द्यायला आली होती, बाबांची पँट वर धरून म्हणाली, "अगं टाचणी, हिची घडीच बसत नाही. मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला निघालेत बघ."

मागच्या शिवणीत फार आत घेतलं की असंच होतं. शिवणकाम शिकायला बसलेली पोरसुद्धा हे ओळखेल. टाचणीने पँट घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "जुनी आहे गं. टाकून देऊ म्हटलं तर ऐकत नाहीत."

आणि पुन्हा फोन उचलून पट्ट्या बघायला लागली.

प्लॅनच्या सुरुवातीला कोचने एक फोटो मागितला होता, 'आधीचा'. एकटीने फोटोला उभं राहायचं टाचणीच्या जिवावर आलं. तिने बाबांना शेजारी ओढलं, दुकानात लावायला फोटो हवाय म्हणून सांगितलं, आणि इस्त्रीवालीने आरशासमोर दोघांचा फोटो काढला. कोच म्हणाली होती, "चालेल मॅम, बाबा गोड आहेत." आता सहा महिने पूर्ण होत आले, तेव्हा तिने 'नंतरचा' मागितला. टाचणीने निळा ड्रेस घातला. तो बसला. चेन वरपर्यंत गेली, श्वास न रोखता. बाबांना पुन्हा शेजारी उभं केलं, इस्त्रीवालीने पुन्हा फोटो काढला, टाचणीने तो पाठवला आणि दुपारभर उत्तराची वाट बघत बसली. त्या दुपारी तिच्याइतकी खूश बाई त्या रस्त्यावर दुसरी नव्हती.

उत्तर आलं तेव्हा इस्त्रीवाली तिथेच होती. टाचणीने निरोप मोठ्याने लावला.

"मॅम, काय रिझल्ट आहे! अभिनंदन! आणि बाबांनीही जॉइन केलं होतं का? तुम्ही सांगितलं नाहीत. त्यांचं तर तुमच्यापेक्षा जास्त उतरलंय. त्यांनी कोणता प्लॅन घेतला?"

इस्त्रीवाली हसली नाही. टाचणीने दोन्ही फोटो एकाखाली एक काढले. इतका वेळ ती त्यात फक्त स्वतःला बघत होती. आता तिने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. पहिल्या फोटोत एक रुंद खांद्यांचा म्हातारा होता, गाल भरलेले, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. दुसऱ्यात त्याच शर्टात कुणीतरी दुसराच माणूस उभा होता. कॉलरमधून मान अशी निघाली होती की कॉलर तिला कुठेच शिवत नव्हती.

ती उठली. गळ्यातली टेप काढली. बाबा दाराशी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होते.

"बाबा, उभे राहा."

"का गं?"

"उभे राहा म्हणते ना."

ते उभे राहिले आणि गिऱ्हाइकं करतात तसे त्यांनी निमूटपणे दोन्ही हात जरा वर उचलले. टाचणीने टेप कंबरेभोवती घेतली. बाबांचं माप तिला पाठ होतं. तिने आयुष्यात शिवलेली पहिली पँट त्यांची होती. तो आकडा टेपवर आला तेव्हा टेप अजून लोंबतच होती. ती ओढत गेली, ओढत गेली, आणि शेवटी बोटांना कमरेचं हाड लागलं.

इस्त्रीवाली हळूच बाहेर गेली आणि जाताना तिने दुकानाचं दार ओढून घेतलं.

"तुम्ही जेवत नाही?" टाचणीने विचारलं.

"जेवतो की."

"बाबा."

ते स्टुलावर बसले. कात्री हातातच होती, तिची दोन पाती उगाच उघडमीट करत राहिले. मग म्हणाले, "आधी तू सांग. आपल्याला पुरतंय ना? दुकान नीट चाललंय ना?"

तिला काहीच समजेना. मग हळूहळू, एकेका वाक्याला थांबत, त्यांनी सांगितलं, आणि त्यांना स्वतःबद्दल एवढं बोलताना तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

ते लहान असताना एक वर्ष फार वाईट गेलं होतं. घरात पीठ पुरेना. त्यांच्या आईने वाण्याकडून काटा आणला आणि रोज पोरांच्या वाटण्या वजन करून घालायला लागली, म्हणजे कुणावर अन्याय नको. बाबा थोरले. आई पाठमोरी झाली की ते आपल्या वाटणीतलं अर्धं डब्यात परत टाकायचे. कुणी सांगितलं नव्हतं. थोरल्याने करायचं असतं, एवढंच. पुढे दिवस पालटले, काटा वाण्याकडे परत गेला, आणि घरात पुन्हा कधी काटा आला नाही. तो आला एकदम आता, मोटार रद्द झाल्यावर चार दिवसांनी.

"तू म्हणालीस ओढाताण आहे. मग तू मोजायला लागलीस. माझ्याआधी, उभ्याउभ्या, चिमणीएवढं खायला लागलीस. वाळत चाललीस. लोक म्हणायचे बारीक झालात, मला कसंतरी व्हायचं." ते कात्रीकडे बघत बोलत होते. "म्हटलं, पोरगी उपाशी राहून घर चालवतेय आणि मी बसून भरलं ताट खातोय. मग मी ताटातलं पातेल्यात परत टाकायला लागलो. म्हटलं, तेवढंच तुझ्या पोटात जाईल."

"आणि मी," टाचणी म्हणाली, "मला वाटलं उरतंय. मी तांदूळ कमी केले."

"हो. ते बघितलं मी," बाबा म्हणाले. "म्हटलं, आणखी ओढाताण झाली. मग मी आणखी टाकायला लागलो."

तिला ओरडावंसं वाटत होतं, विचारलं का नाहीत म्हणून. पण कुणाच्या तोंडाने ओरडणार? तिने तरी सांगितलं होतं का? शेवटी तिने सगळं सांगून टाकलं. ॲप, कोच, तीन पट्ट्या, मोटारीचे पैसे. बाबांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे घरात होतं सगळं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मग बरं झालं." आणि ते खरंच हसले, पोट धरून, जसे हसतील अशी तिला भीती होती तसेच. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर डोळे पुसत म्हणाले, "मला वाटायचं, माझं एक ताट वाचलं तर तुझी मोटार लवकर येईल."

त्या संध्याकाळी टाचणीने काटा कपाटावर टाकला आणि मोठं ताट काढलं. भरपूर भात, वर तूप, अख्खी दोन अंडी. बाबा म्हणाले, "तू घे." तिने घेतलं. त्यांनी एक घास घेतला, चावत राहिले, चावत राहिले. तिने दुसरा घेतला. त्यांनी तिच्याकडे पाहून हात उचलला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला. "जात नाही गं," म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, या वयात अंगावरचं गेलं की परत यायला वेळ लागतो, कधी येतही नाही. पोटाची सवय मोडते. टाचणीने ऐकलं नाही. ती दिवसातून चारदा ताट वाढायची. ते घास घेणार तर तिने आधी घेतल्यावरच, म्हणून ती घ्यायची. त्यांचा एक व्हावा म्हणून तिचे तीन व्हायचे. दूध, केळी, शिरा, काय काय करून पाहिलं. फोनमध्ये पट्ट्या रिकाम्या राहिल्या, कोचचे दोन-चार निरोप आले आणि मग यायचे थांबले. निळ्या ड्रेसची चेन आधी अर्ध्यावर अडली, मग लागेनाशी झाली. उतरलेलं सगळं वजन तिच्या अंगावर परत आलं, वर थोडं जास्तच. बाबांच्या अंगावर काही आलं नाही. ती भरत गेली आणि ते तसेच राहिले. रोज ताटापुढे बसून ती घासाघासाला त्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि तेही तिची समजूत घालण्यासाठी एखादा जास्तीचा घास गिळून दाखवायचे.

थंडी पडली तेव्हा एक साधा खोकला झाला. धडधाकट माणसाचा आठवड्यात बरा झाला असता तसा. त्यांच्या अंगात त्याला तोंड द्यायला काही शिल्लक नव्हतं. गेले तेव्हा टाचणी उशाशी बसली होती, हातात वाटी होती.

डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. नातेवाईक म्हणाले, झोपेत गेल्यासारखे गेले, भाग्यवान. इस्त्रीवाली एकटीच काही बोलली नाही. नुसती येऊन बसायची.

बाबांची ती पँट पुढे टाचणीच्या हाती लागली. तिने ती मशीनवर घेतली नाही. बाबांच्या स्टुलावर बसली, त्यांची छोटी कात्री घेतली आणि उसवायला सुरुवात केली. तिला ते काम कधीच नीट जमलं नव्हतं. पहिली टीप काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. प्रत्येक टीप तिच्याच हातची होती, सरळ, बारीक, कुठे एक टाका चुकलेला नाही. इतकी चांगली शिवण उसवायला फार वेळ लागतो. शेवटी पँट आपल्या मूळ मापावर आली. बाहेरचं कापड उन्हाने आणि धुण्याने विटलं होतं, पण आत दुमडलेला भाग नव्यासारखा गडद निघाला. आत घेताना तिने कापडाचा एकही धागा कापला नव्हता. माणूस उद्या भरेल म्हणून ठेवलेलं कापड सगळंच्या सगळं तिथे होतं. ती पँट मांडीवर घेऊन बसली आणि रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

मशीनला आता मोटार आहे. टाचणीचे पाय सवयीने अजून पॅडल शोधतात.

परवा एक तरुण बाई स्कर्ट घेऊन आली. प्लॅन घेतला होता, चार महिन्यांत बराच फरक पडला होता, चेहरा आनंदाने फुललेला. टाचणीने तिला आरशासमोर उभं केलं, कंबरेभोवती टेप घेतली, टाचण्या लावल्या. कौतुकाचे दोन शब्दही बोलली, आणि ते मनापासून बोलली, कारण तो आनंद कसा असतो हे तिला माहीत होतं.

मग तोंडातली शेवटची टाचणी काढून तिने विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"मी आणि आई. का हो?"

"स्कर्ट न्यायला याल तेव्हा आईंना घेऊन या."

"तिचं काही काम नाहीये. तिचे कपडे जुनेच आहेत, सैल झालेत नुसते."

टाचणीचा हात थांबला. "कपडे नकोत," ती म्हणाली. "आईंना आणा. मला त्यांचं माप घ्यायचंय."